पाय भिजेल त्याचा वाटा

प्रफुलने मला नवा फोन दिला तेव्हाच गिरजाबाई म्हणाली होती, "माकडाच्या हाती कोलीत देलं पोट्ट्यानं." प्रफुल आमचा मुलगा, तिकडे कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात असतो. गिरजाबाई माझी बायको. सारं गाव तिला बाई म्हणतं म्हणून मीही म्हणतो; लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, दुसरं काही म्हणायची हिंमत झाली नाही. मी तेव्हा तिच्यावर भडकलो. मी लवकर भडकतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती खरं बोलली होती. त्या फोनने मी आग लावली, आणि तीही नेमकी माझ्याच घराला.

आमची खैरटोली पोंभुर्ण्यापासून अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला. गावात शंभर घरं, त्यातली पंचवीसेक आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची. मालगुजारांच्या काळातला एक मोठा तलाव आहे आणि त्यावर आमची मच्छीमार सोसायटी. वर्षभर जो तो आपापलं जाळं टाकतो, पण मे महिन्यात पाणी उतरलं की मोठी ओढ असते. त्या दिवशी अख्खी सोसायटी एकच लांबलचक जाळं धरून पाण्यात उतरते, आणि निघतील त्या माशांचे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारखे ढीग घालून वाटे पडतात. नियम आजा-पणजापासूनचा आहे: पाय भिजेल त्याचा वाटा. ताप असो, पोरीचं लग्न असो, त्या दिवशी पाण्यात उतरून ज्याने जाळ्याला हात लावला नाही त्याला वाटा नाही. आणि ज्या घरातलं कोणीच उतरलं नाही, त्या घराची जागा सोसायटीतून जाते.

माझे गुडघे गेल्या पावसाळ्यात संपले. गाळात उतरायचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. प्रफुलला तलावाचं काही पडलेलं नाही. मासा त्याला फक्त ताटात ओळखू येतो. राहिली आचल.

आचल म्हणजे प्रफुलची मुलगी, बावीस वर्षांची. सहाव्या वर्षापासून ती आमच्याकडेच वाढली. तिच्या अंगात जन्मापासून रंग नाही. कातडी पांढरी, केस कापसासारखे, भुवयाही तशाच, आणि डोळे उजेडात मिटमिट करतात. लांबचं तिला धड दिसत नाही. गावाने तिला भुरी म्हटलं, तिने ते हसून घेतलं. ऊन मात्र हसून घेता आलं नाही. आमच्याकडे आली त्याच वर्षी एका लग्नात ती दुपारभर मांडवाबाहेर पोरांसोबत खेळली आणि संध्याकाळी तिच्या गालांवर, मानेवर, खांद्यांवर फोड आले. चार दिवस ती पालथी झोपून होती. मी घरातल्या प्रत्येकावर ओरडलो, कारण त्या लग्नाला तिला मीच घेऊन गेलो होतो.

मग चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आपल्या कातडीला स्वतःची सावली असते, या पोरीच्या कातडीला ती नाही, तेव्हा ती बाहेरून द्यायची. आधी घड्याळ पाहायचं, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडायचंच नाही. मग झाडाची नाहीतर छत्रीची सावली. मग अंगभर कापड. आणि एवढं करून जेवढं अंग उघडं राहील तेवढ्यालाच क्रीम. त्या दिवसापासून आमच्या घरात मिठाच्या बरणीशेजारी क्रीमची ट्यूब असते.

एवढं सगळं सांभाळून पोरगी बारावी झाली, मत्स्यबीजाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आली. आम्ही दरवर्षी माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, बाहेरून आणून तलावात सोडतो. ती कोपऱ्यातल्या डबक्यात आपणच वाढवायची, असं तिने मनात घेतलं होतं. पण सोसायटीत जागा असल्याशिवाय तिथे कोणाला कुदळही मारता येत नाही. म्हणजे ओढीच्या दिवशी आचलचा पाय भिजला तर माझी जागा तिची, नाहीतर ती कोणाचीच नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. एप्रिलच्या शेवटी मी दुपारचा खाटेवर पडून फोन चाळत होतो. एक कोटवाला माणूस रडक्या संगीतावर विचारत होता, तुम्ही रोज अंगाला विष लावता का? उन्हाच्या क्रीममध्ये काहीतरी ऑक्सी-बिक्सी असतं, ते कातडीतून रक्तात जातं, आंघोळीच्या पाण्यातून समुद्रात जातं, आणि समुद्रातले जीव पांढरे पडून मरतात. तो पांढरा पडलेला समुद्राचा तळ पाहून माझा जीव हळहळला. मासे म्हटलं की मला राहवत नाही. मी तो व्हिडिओ लगेच 'खैरटोली मच्छीमार' या ग्रुपवर टाकला, खाली 'सावध राहा' लिहिलं आणि हात जोडल्याची तीन चित्रं लावली. आपल्याच घरात मिठाच्या बरणीशेजारी काय ठेवलंय हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मला वाटलं, हे शहरातल्या बायकांचं काहीतरी असेल. त्याची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी सोसायटीची बैठक झाली. अध्यक्ष मनसाराम. आम्ही दोघं एकाच वर्षी पोहायला शिकलो आणि तेव्हापासून भांडतोय. विषय निघाला तसा तो म्हणाला, "हेमराजभाऊची जागा आचलले द्याले माही ना नाई. पोट्टी हुशार हाय. पण हे पाहा." आणि त्याने आपला फोन वर धरला. त्यावर माझेच जोडलेले हात होते, तिन्ही.

"एवढ्या मोठ्या समुद्रातले जीव मरून राह्यले, तं आपला तलाव केवढा? पोट्टीनं खुशाल उतराव, पण क्रीम धुऊन. नाई तं उतरू नये."

"धुऊन उतरन तं भाजन ना वो ते," सोमारी म्हणाली. जाळं ओढण्यात ती चार पुरुषांना भारी आहे.

"मंग मासे मरू द्याव का? हे मी आपल्या मनानं नाई बोलून राह्यलो. आपल्या हेमराजभाऊनंच पाठवलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी माझा फोन बंडीच्या खिशात सारला.

घरी आल्यावर गिरजाबाईने ताट असं ठेवलं की भाजी उडून माझ्या बंडीवर आली. आचल ओसरीत बसली होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, "पोरी, मी मूर्ख हाओ." ती म्हणाली, "फोन दाखवा." तिने फोन नाकाजवळ धरला आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

"आबाजी, तुमी पुरा पाहिला का?"

"नाई. अर्ध्यातच पाठवला."

"शेवटी तो आपलीच क्रीम इकून राह्यला. खोबरेल आन हळदीची."

मग तिने मिठाच्या बरणीशेजारची ट्यूब आणली आणि जुन्या डब्यातून आणखी एक रिकामी ट्यूब काढली. जुनी होती ती शाळेच्या दिवसांतली, गुलाबाच्या वासाची, आठ दिवसांत गोरं करते असं लिहिलेली. आमच्या आचलला आणखी गोरं करणार होती ती! त्या जुन्या ट्यूबवर अगदी बारीक अक्षरात ते ऑक्सिबेन्झोन होतं. आचलने समजावलं, तो कोटवाला म्हणाला ते सगळंच खोटं नाही. ते द्रव्य रक्तात सापडतं हे खरं. त्याने माणसाचं वाईट होतं असं अजून सिद्ध झालेलं नाही, तपास चालू आहे. पण जिला जन्मभर रोज लावायचंय तिने कशाला वाट पाहायची, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच तिला दुसरी क्रीम दिली होती. तिच्यात जस्ताची भुकटी असते. ती कातडीच्या वरच बसून राहते आणि ऊन अडवते. म्हणून तर नाक पांढरं दिसतं.

"हे आदी काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"तुमी कदी इचारलं?"

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला चूक दुरुस्त करायची घाई झाली होती. कुठलीच क्रीम नको आणि ऊनही लागायला नको, असं काही सापडलं तर मनसारामचं तोंड बंद होईल, असा माझा हिशोब. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या कोटवाल्याचं खोबरेल आणि हळद कालवून स्वतःच्या टकलावर थापली आणि दुपारी बाराला तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. पुढे नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, यायचा होता, पण ऊन आताच त्रेचाळीसच्या वर होतं. तासाभराने मी कसाबसा घरी आलो. संध्याकाळपर्यंत डोकं वांग्यासारखं झालं आणि तीन दिवसांनी त्याची सालं निघाली. आचलने थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. गिरजाबाई म्हणाली, "आता सोसायटीच्या ग्रुपवर याचा फोटो टाका. सावध राहा म्हना."

पट्ट्या डोक्यावर असतानाच आचल म्हणाली, "मनसाराम आबाजीच्या घरी जाऊ. भांडाले नाई, इचाराले." मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि गिरजाबाईसकट आम्ही तिघं उन्हं उतरल्यावर गेलो.

मनसारामने खाट टाकली. आचलने विचारलं, "आबाजी, तुमाले नेमकं भेव कायचं हाय?" तेव्हा तो जे बोलला ते मला तोवर माहीत नव्हतं. गेल्या वर्षी कोणीतरी फवारणीचा पंप तलावाच्या कोपऱ्यात धुतला होता. चार टोपल्या मासे उताणे पडले. ते आम्हाला माहीत होतं. पण ते सारे मासे त्याने एकट्याने खड्डा करून पुरले आणि त्यात पोटात अंडी असलेल्या माद्या किती होत्या हे तो मोजत राहिला, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. "आता पाण्यात काई पांढरं दिसलं का त्या माद्या डोळ्यापुढं येते," तो म्हणाला. मला त्याची कीव आली.

गिरजाबाईला कीव वगैरे आली नाही. "मनसारामभाऊ, बीज सोडाच्या आदी तुमी डबक्यात मोहाच्या बियांची ढेप टाकता, तवा सारे मासे मरते. ते विष नाई दिसत?"

"ते मासे माराले तं टाकतो, बाई! जुने खादाड मासे राह्यले तं बोटुकली खाऊन टाकते."

"तेच म्हनून राह्यली मी. म्हशी धुता, कपडे धुता, गणपतीचा रंग जाते. तेवढं सारं पोटात घेऊन तलाव उभा हाय, आन माह्या नातीच्या नाकावरच्या बोटभर पांढऱ्यानं बुडन?"

"आजी, थांब ना," आचल म्हणाली. "आबाजीचं म्हननं अर्धं बरोबर हाय. पाण्यात काईही जाऊ देऊ नये, माही क्रीमबी नाई. म्हनून मी अंगभर कपडे घालीन. फक्त तोंड, कान आन मान उघडी राहीन, तेवढ्यालेच क्रीम. तिच्यात ते ऑक्सिबेन्झोन नाई. तरी तुमाले झोप येत नसन तं पाहून घ्या."

तिने पाहून कसं घ्यायचं तेही सांगितलं. दोन मडक्यांत तलावाचं पाणी भरायचं, दोन्हींत पाच-पाच बोटुकली सोडायची. एका मडक्यात ती क्रीम लावलेले हात जाळं धरण्याएवढा वेळ बुडवून ठेवेल, दुसरं तसंच राहील. मग तीन दिवस मनसारामनेच लक्ष ठेवायचं. त्याला हे आवडलं. त्याच संध्याकाळी आचल त्याच्या अंगणात अर्धा तास मडक्यात हात बुडवून बसली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती चहा पीत बसलो. बोटुकली तिच्या बोटांना लुचत होती. तिला गुदगुल्या होत होत्या आणि ती हसत होती. मी मात्र बोटांवर दिवस मोजत होतो; ओढीला पाचच उरले होते.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मनसाराम मडकं डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभा. उन्हाने लाल झालेला, तोंड उतरलेलं. मी घाबरलो. म्हटलं, मेले वाटते.

"मेले," तो म्हणाला आणि मडकं खाली ठेवलं. पाचही बोटुकली वर तरंगत होती. "पण क्रीमवाले नाई. ते मी खाटेखाली ठेवलं होतं, नजरेसमोर. मस्त फिरून राह्यले. हे साध्या पाण्याचं. भितीजवळ ठेवलं होतं, दुपारी त्याच्यावर ऊन आलं आन मले ध्यान राह्यलं नाई. पाणी हाताले चटका देऊन राह्यलं."

मी आनंदाने उठलोच. "पाहिलं? क्रीमनं नाई मेले, उन्हानं मेले! माही पोट्टी म्हनत होती तेच झालं!"

"नाई झालं," आचल म्हणाली. "आबाजी, ह्याच्यानं काईच सिद्ध नाई झालं. दोन्ही मडकी एकाच जागी ठेवाले पायजे होती. एक सावलीत, एक उन्हात, मंग क्रीमचं काय समजन? पुन्हा कराव लागन."

गिरजाबाईने कपाळावर हात मारला. जिंकलेला डाव पोरगी आपल्या हाताने उधळत होती. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, पण तिला लांबचं दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. पुन्हा तीन दिवस म्हणजे ओढ होऊन गेली असती.

मनसाराम हसला. "मले कोणी पाहिलं नवतं. हे मडकं वतून दुसरे मासे टाकता आले असते मले. पण मी घेऊन आलो. आन तू, तुह्या फायद्याचं झालं तरी खोटं म्हनून राह्यली." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तलावाचं वाईट कराची नाईस तू. उतर पाण्यात. क्रीम लावून उतर. ते मडक्याचं मंग करू पुन्हा, सावलीत."

"आबाजी, एक इचारू? ओढ सकाळी नऊलेच काऊन करता?"

मनसारामने माझ्याकडे पाहिलं, मी मनसारामकडे. आठवायला वेळ लागला. त्याच्या बापाच्या काळी मासे न्यायला बैलगाडी दुपारी यायची, म्हणून नऊला. बैलगाडी जाऊन तीस वर्षं झाली, आता गाडी बोलावू तेव्हा येते, पण आम्ही आपले भर उन्हात जाळं ओढतोय, दरवर्षी एखादा म्हातारा पाळीवर आडवा होतोय आणि सावलीत नेईस्तोवर मासे मऊ पडताहेत. "पहाटे पाचले करू," मनसाराम म्हणाला. "पाच मासे मेले तेवढ्यावरून तं एवढं समजलं मले."

ओढीच्या दिवशी उजेड फुटायच्या सुमाराला सगळे पाळीवर जमले. आचल आली ती बापाचा कारखान्यातला लांब बाह्यांचा शर्ट, सलवार, पायांत मोजे, हातांत हातमोजे, हनुवटीखाली बांधलेली रुंद काठाची टोपी अशा थाटात. काळा चष्मा दोरीने मागे बांधला होता. नाकावर आणि गालांवर पांढरे पट्टे. "बुजगावणं पाण्यात चाललं वो," सोमारी ओरडली, "आता बगळे मासे न्याचे नाई." सगळे हसले, आचल सर्वांत मोठ्याने. मनसारामने नारळ फोडला आणि ती पाण्यात उतरली. पाय भिजला. मी पाळीवर काठी धरून उभा होतो. माझ्या जागी दुसरं कोणी उतरतंय हे पाहताना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण छातीत कुठेतरी दुखलंही. एक्केचाळीस वर्षं मी त्या गाळात उभा राहिलो होतो.

जाळं निम्म्यावर आलं आणि मधेच अडलं. पुरुष जोर लावायला लागले. "थांबा!" आचलचा आवाज आला. "ओढू नोका. खालचा दोर खुंटाले अडकला, माह्या पायाले लागून राह्यला." लांबचं दिसत नसलं तरी पायाखालचं तिला कळत होतं. तिने टोपी आणि चष्मा सोमारीच्या हातात दिला, बुडी मारली आणि दोर सोडवला. नाहीतर जाळं फाटून निम्मे मासे गेले असते, हे पाळीवरून मलाही कळत होतं. वर आली तेव्हा पट्टे धुऊन गेले होते. मनसाराम ओरडला, "पोट्टी, तोंडाले लाव पुन्हा! ऊन निघून राह्यलं!" कोण ओरडतंय हे पाहून मला खोकल्याचं नाटक करावं लागलं.

साडेसातला जाळं काठाला लागलं. रोहू, कतला, शिवाय चार-पाच मोठ्या मरळ. मासे उडत होते, पोरं किंचाळत होती, आणि ऊन अजून कोवळं होतं. आचल तोंड पुसून, पुन्हा क्रीम लावून मोहाच्या सावलीत जाऊन बसली. सोमारी म्हणाली, "मलेबी दे वो थोडी क्रीम. मीबी लावीन."

"तुमाले माह्यासारखी रोजची गरज नाई, सोमारीबाई. दुपारचं ऊन टाळा, डोक्याले दुपट्टा बांधा, बस. आजीले तं डॉक्टरीणबाईनं सकाळच्या उन्हात थोडं बसाले सांगतलं, हाडासाठी. मले जे जाळते तेच तिले औषद हाय."

"आयकलं का?" गिरजाबाई मला म्हणाली. ती मुद्दाम सावलीबाहेर, उन्हात पाय पसरून बसली होती.

मग वाटे पडले. आमच्याकडे ढीग घातले की एक जण ढिगाकडे बोट करून विचारतो, हा कोणाचा? दुसरा एक जण ढिगांकडे पाठ करून उभा असतो आणि नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कोणाची बाजू घेता येत नाही. पाठ करून उभा राहणारा तोच, ज्याला त्या दिवशी वाटा नाही. या वर्षी तसा मी एकटाच होतो. मी मोहाच्या खोडाकडे तोंड करून उभा राहिलो. साल खडबडीत, तिच्यावरून मुंग्यांची रांग चाललेली. मागून मनसाराम विचारत होता.

"हा कोणाचा?"

"सोमारीचा."

"हा?"

"गुलाबचा."

नावं कुठल्याही क्रमाने घेता येतात, पण तोंडात येतो तो नेहमीचाच क्रम. कानाला ती पाठ आहेत. मी घेत गेलो, मागे टोपल्या सरकल्याचे आवाज येत गेले.

"आन हा?"

"मनसारामचा."

"हा कोणाचा?"

"हेमराजचा," मी म्हणालो.

मागे टोपली सरकली नाही. मला कळलं मी काय बोललो ते. एक्केचाळीस वर्षं मनसारामनंतर हेमराज, हेच माझ्या कानांनी ऐकलेलं. गिरजाबाई काहीतरी पुटपुटली. मी वळणार होतो, पण वळायचं नसतं.

"हेमराज कोण गा?" मनसारामचा आवाज आला. "या नावाचं आज कोणी पाण्यात नवतं. ज्याचा पाय भिजला त्याचं नाव घे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, समोर फक्त मुंग्या होत्या.

"आचलचा," मी म्हणालो. आणि पलीकडच्या काठावरही ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणालो.